लेक्चरला कळतं पण पेपरात सुटत नाही
बरेच जण म्हणतात ना की फिजिक्सच्या लेक्चरला सगळं कळतं आणि पेपरात गणितं सुटत नाहीत, फर्स्ट इयरला माझं सेम झालेलं. कारण मी सोडवलेली उदाहरणं नुसती वाचायचो, हो हो बरोबर म्हणत मान डोलवायची आणि वाटायचं की आलं. काही येत नसतं ओ. उत्तर झाकायचं, कोरा कागद घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटं अडकायचं, अगदीच नाही जमलं तर एकच ओळ बघायची आणि परत झाकायचं.

उदा. भरीव सिलिंडर उतारावरून न घसरता घरंगळत येतोय, त्वरण किती? आधी चित्र काढा, वजन खाली, नॉर्मल (म्हणजे उताराचा सिलिंडरला मिळणारा आधार) उताराला काटकोनात, घर्षण उताराच्या वरच्या दिशेला (इथंच गाडी घसरते, घर्षण विसरलात तर तो फिरेल कशाने?). मग सरळ गतीचं एक समीकरण, फिरण्याचं एक, उत्तर दोन तृतीयांश जी साइन थीटा (जी म्हणजे गुरुत्व त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन). पण इथं वही बंद नाही करायची, उत्तराकडे बघायचं. मास आणि त्रिज्या दोन्ही उडाले, म्हणजे सिलिंडर लहान असो की मोठा सारखाच येणार. आणि पातळ रिंग घेतली तर निम्मं जी साइन थीटा, म्हणजे ती मागे पडणार. पेन्सिल सेल आणि चिकटपट्टीची रिकामी रिंग तिरक्या पाटावर सोडून बघा की, दोन मिनिटांचं काम.

बाकी फॉर्म्युले अजिबात पाठ करू नका असं काही जण सांगतात ते मला पटत नाही, मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, फिरण्याच्या समीकरणात लागतं ते) दरवेळी इंटिग्रेट करत बसलात तर पेपरची वेळ संपेल.