सही असलेलं क्रिकेट प्रिंट: ४५/२०० खरं आहे का, ते कसं ओळखायचं?

प्रश्न: सचिनच्या २०१३ च्या वानखेडे कसोटीच्या चित्राचं प्रिंट मिळतंय. खाली ४५/२०० (म्हणजे २०० पैकी ४५ वी प्रत), चित्रकाराची सही, सोबत प्रमाणपत्र. घेण्याआधी काय तपासू? फ्रेम कशी करू?

उत्तर १: आधी १० पट भिंग घ्या. ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे पोस्टरसारखी यंत्रछपाई. जिक्लेत (उंची इंकजेट छपाईत) शाईचे बारीक, विखुरलेले तुषार दिसतात; स्क्रीनप्रिंटमध्ये (जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत) रंगाचा सपाट थर. मग कागद तिरका धरून सही बघा. पेन्सिलची असेल तर शिसं चमकतं, कागद किंचित दबलेला दिसतो. सहीतच ठिपके असतील तर ती छापलेली आहे, सरळ नको म्हणा. प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. त्यावरचा आकडा प्रिंटशी जुळायलाच हवा.

उत्तर २: ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकारासाठी काढलेल्या प्रती) लिहिलेल्या प्रती २०० च्या बाहेरच्या असतात, त्या किती काढल्या हेही विचारा. आणि जिक्लेत १ नंबर काय नि १९० काय, छपाई सारखीच, त्यामुळे लहान आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

उत्तर ३: दादा, फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका, किंमत तिथेच पडते. सेलोटेप आणि मागे हार्डबोर्डही नको. दोन्हींमुळे कागद पिवळा पडतो. आम्लरहित माउंट (प्रिंट ज्यावर बसवतात तो पुठ्ठा) घ्या, प्रिंट त्याला फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चिकटवा. खालची कड मोकळीच ठेवा, पावसाळ्यात कागद फुगतो आणि सगळीकडून चिकटवला तर लाटा येतात. काच प्रिंटला टेकता कामा नये. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच लावू नका, तपकिरी डाग पडतात.