मंत्र मारून सुधारलेला खलनायक हा सुधारलेला नव्हेच!

उपरणे:
काल निळी_शाईने लिहिलं, "खलनायक सुधारण्याच्या गोष्टींत मार्व्हल कॉमिक्सच्या २०१४ च्या 'ॲक्सिस' मालिकेचे कार्नेज आणि हॉबगॉब्लिन या खलनायकांवरचे टाय-इन, म्हणजे मुख्य कथेला जोडून काढलेले अंक, सगळ्यांत भारी." तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं असं सटकलं की वेगळा धागाच काढला.

कसली डोंबलाची सुधारणा? रेड स्कल या खलनायकाला आवरायला डूम आणि स्कार्लेट विच या जादू जाणणाऱ्यांनी मंत्र टाकला आणि तिथे हजर होते ते सगळे उलटे झाले. चांगले ते वाईट, वाईट ते चांगले. सदरा उलटा करून घातला म्हणजे धुतला असं होत नाही. कार्नेजला पश्चात्ताप झाला तो कुठल्या पानावर, मला दाखवा.

सुधारणा बघायची तर मार्व्हलचेच १९९७ चे थंडरबोल्ट्स काढा. ॲव्हेंजर्स हा नायकांचा संघ मेला असं जग समजतंय, तेवढ्यात झेमो हा खलनायक आपल्याच टोळीला नवे मुखवटे, नवी नावं देऊन नायक म्हणून उभं करतो. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर ते फुटतं. पण खरी गंमत पुढे आहे. लोक टाळ्या वाजवायला लागतात आणि टोळीतल्या सॉन्गबर्ड, मॅक-वन यांना ते नाटकच आवडायला लागतं. नंतर हॉकआय हा ॲव्हेंजर्समधला नायक त्यांचं नेतृत्व घ्यायला तयार होतो, पण एका अटीवर: मॅक-वनने, म्हणजे पूर्वीच्या बीटलने, जुन्या खुनासाठी तुरुंगात जायचं. आणि तो जातो! कार्नेजने काय मोजलं?

निळी_शाई:
माझ्या नावाने धागा. आई धन्य झाली.

कार्नेजचे तीन अंक वाचलेत, की कुणाकडून तरी सारांश ऐकलाय? कार्नेजला चांगलं वागायची खाज सुटलीय, पण चांगलं म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून तो एका पत्रकार बाईला पळवून नेतो. कशाला? तर मला चांगुलपणा शिकव म्हणून! मंत्राने इच्छा दिली, अक्कल नाही दिली. पूर्ण गोष्ट त्या फटीत आहे. आणि काय मोजलं विचारताय? मुख्य मालिकेच्या शेवटी कार्नेज बॉम्ब स्वतःच्या अंगावर घेतो. आणखी काय हवं, पावती?

हॉबगॉब्लिन तर त्याहून मजेदार. आधी गुन्हेगारांना वेष आणि नावं पुरवायचा, आता नायकांची फ्रँचायझी उघडतो. मन पालटलं, गल्ला तसाच. हाविएर रॉड्रिगेसची रंगीबेरंगी पानं वेगळीच.

रद्दीवाला_राजा:
तुमचं चालू द्या. माझं दुखणं वेगळं आहे. मुख्य ॲक्सिसचे नऊ अंक, वर कार्नेजचे तीन, हॉबगॉब्लिनचे तीन, शिवाय चालू मालिकांतले तुकडे वेगळेच. टाय-इन म्हणजे पंगतीला बसवून जिलबीचे वेगळे पैसे मागणं. गॉथम कॉमिक्सचे अंक इथे मिळायचे तेव्हा खाऊच्या पैशांत भागायचं. आता एकेका जाडजूड संग्रहाच्या पैशांत महिन्याचं दूध येतं.

वाकडी_वाट:
उपरणे, तुमच्या न्यायाने मग आपला वाल्याही बाद. "मरा मरा" हा मंत्रच की.

उपरणे:
साफ चूक. मंत्र नंतर आला. आधी नारदाने त्याला घरी पाठवलं, माझ्या पापात वाटेकरी कोण म्हणून विचारायला. बायकापोरांनी हात वर केले. माणूस मोडला तो तिथे, उंबरठ्यावर. जप ही पुढची मेहनत, मॅक-वनच्या तुरुंगासारखी.

तिसरी_घंटा:
मूळ वाल्मिकी रामायणात वाटमारीची ही कथा नाहीच. तिथे ते प्रचेताचे पुत्र. दरोडेखोराची गोष्ट अध्यात्म रामायणात येते. कृपया आधी वाचून मग लिहावं.

वाकडी_वाट:
आले मास्तर! आमच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीला आता पाठभेद लावा. वाल्ह्याला जाऊन आलाय कधी? जेजुरीच्या पुढे, माउलींची पालखी मुक्कामाला असते ते. आजी तिथले रांजण दाखवून सांगायची, एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले होते. लहानपणी मी विचारलं, साधू झाल्यावर खड्यांचं काय केलं? तर पाठीत धपाटा मिळाला.

तिसरी_घंटा:
रांजण ही लोककथा आहे, पुरावा नव्हे.

वाकडी_वाट:
आणि कार्नेज काय पुरातत्त्व खात्याला सापडला?

रद्दीवाला_राजा:
प्रश्न मात्र धपाट्याचा नव्हता. खडे गेले कुठे? कार्नेजचे तर रांजणसुद्धा पुरणार नाहीत. असो, मी अंकांच्या किमतीबद्दल बोलत होतो, त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

निळी_शाई:
उपरणे, एक विसरलात. मार्व्हलच्याच २००६ च्या 'सिव्हिल वॉर' मालिकेच्या वेळी तुमच्याच लाडक्या थंडरबोल्ट्सनी खलनायकांच्या रक्तात नॅनाइट, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रं, सोडून त्यांना कामाला जुंपलं होतं. तोही टाय-इनच. तो चालतो, मंत्र चालत नाही?

उपरणे:
नाही चालत. तिथे निदान "हे सुधारले" असं कुणी म्हणत नाही, पट्टा बांधलाय हे उघड आहे.

आता मला हे का टोचतं ते सांगतो. माझा चुलतभाऊ प्यायचा. काकूने जाहिरात बघून "न कळत दारू सोडवा" असली पुडी आणली आणि त्याच्या आमटीत कालवायला लागली. दीड महिना त्याने बाटलीला हात लावला नाही. घरात पेढे वाटले. मग एक दिवस पुडीचा कागद त्याला डब्यामागे सापडला. त्यानंतर तो जेवढा प्यायला तेवढा आधी कधी प्यायला नव्हता, आणि काकूच्या हातचं जेवणही सोडलं. चार वर्षांनी स्वतःच्या पायांनी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेला. कपबशी धरताना हात थरथरायचा, चहा बशीत सांडायचा, पण गेला. त्याला मी सुधारणा म्हणतो. आमटीतल्या पुडीला नाही.

तिसरी_घंटा:
एका भावावरून सिद्धांत होत नसतो.

वाकडी_वाट:
मास्तर, आता गप बसा.

निळी_शाई:
उपरणे, वाईट वाटलं. खरंच. पण एक विचारते, राग मानू नका. त्या दीड महिन्यात त्याची पोरं रात्री शांत झोपली असतील ना? त्यांच्यासाठी तो खोटा होता का? माझा कार्नेज तिथे आहे. मंत्र असो की पुडी, जो वाचला तो वाचला.

उपरणे:
(तासाभराने) धाकटी तेव्हा दुसरीत होती. अजून म्हणते, त्या दिवाळीत बाबांनी किल्ला करून दिला होता. पुडीचं तिला माहीत नाही.

ठीक आहे, किल्ला खरा होता. पण म्हणून काकूला शाबासकी देणार नाही आणि कार्नेजला तर नाहीच. हॉबगॉब्लिन मात्र परत वाचतो, चित्रांसाठी. तुम्ही जिंकलात असं समजू नका.

निळी_शाई:
छे, आमची कुठली एवढी पुण्याई. पत्ता द्या, तिन्ही अंक धाडते.

रद्दीवाला_राजा:
अंक? फुकट? ताई, मीही सुधारतोय हो.