एलडीएल ऑक्सिडाइज होतच नाहीये, ग्राफ सपाट

पिपेटवाली:
मंडळी, तीन आठवडे डोकेफोड चालू आहे. प्लाझ्मातून एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) काढते, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडने घनता वाढवून, अल्ट्रासेंट्रिफ्यूज लावून १.०१९ ते १.०६३ मधला थर. थर छान पिवळा-नारिंगी, जेलवर एकच पट्टी. मग ते मीठ काढायला रात्रभर ४ अंशांवर डायलिसिस. क्युव्हेटमध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम प्रथिन, ऑक्सिडेशन सुरू करायला ५ मायक्रोमोलर कॉपर सल्फेट आणि २३४ नॅनोमीटरच्या शोषणावर नजर (ऑक्सिडेशन झालं की ते वाढतं). तास-दीड तासात रेघ चढायला हवी ना? चार तास झाले तरी ढिम्म. कॉपर सल्फेट नवं केलं, लॅम्प तपासला. माझंच एलडीएल एवढं सोवळं कसं?

जुना_रोटर:
डायलिसिस कशात केलंस? बाटलीवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं टाक.

पिपेटवाली:
साधं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर). सीनियरने करून ठेवलेलं... थांबा. झाकणावर बारीक अक्षरांत ‘+ ०.०१% ईडीटीए’ आहे.

जुना_रोटर:
सापडला चोर. ईडीटीए धातूंचे आयन पकडून ठेवतं. आता हिशेब कर. ०.०१ टक्के म्हणजे साधारण २७० मायक्रोमोलर. तुझं एलडीएल मिलिलिटरला १ मिलिग्रॅम धरलं, तर क्युव्हेटमध्ये ते वीसपट पातळ होतं, म्हणजे ईडीटीए उरलं साडेतेरा मायक्रोमोलर. तांबं किती? पाच. सगळं तांबं त्याने कधीच पकडून ठेवलंय. चार तास काय, चार दिवस बसलीस तरी रेघ हलणार नाही.

सीनियरचं चुकलं असंही नाही. साठवताना ईडीटीए हवंच. मी एकदा शहाणपणा करून ते आधीच काढलं आणि एलडीएल दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं. नंतर तांबं घातल्या घातल्या रेघ सुटली, लॅग (रेघ चढण्याआधीचा थांबा) म्हणून काही उरलाच नव्हता. म्हणून प्रयोगाच्या दिवशी सकाळी डीसॉल्टिंग कॉलमवरून (लहान रेणू वेगळे करणारी नळी) ईडीटीए काढ, प्रथिन पुन्हा मोज (कॉलमवर पातळ होतं, हे सगळे विसरतात) आणि लगेच वापर. शेजारी बिनतांब्याची एक क्युव्हेट लाव.

शंकेखोर:
जरा खडा टाकतो. रक्तात मोकळं तांबं जवळजवळ नसतंच. मग या लॅगवरून हृदयरोगाबद्दल काय कळणार? व्हिटॅमिन ई दिलं की लॅग लांबतो, पण २००० साली आलेल्या होप चाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं ते देऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

जुना_रोटर:
मान्य. ही टेस्ट कणात अँटिऑक्सिडंट किती हे सांगते, धमनीत काय चाललंय ते नाही. पण मॅक्रोफेजना (असे कण गिळणाऱ्या पेशींना) खाऊ घालायला ऑक्सिडाइज्ड एलडीएल लागतं, आणि ते असंच बनवावं लागतं. रुग्णाचा धोका बघायचा तर अपो-बी हे कणावरचं प्रथिन मोजा. एका एलडीएल कणावर त्याचा एकच रेणू असतो, त्यामुळे कणच मोजल्यासारखं होतं.

पिपेटवाली:
आज कॉलम लावला. ६४ मिनिटांनी चढली!! सीनियरला अजून सांगितलेलं नाही. झाकणावर लाल मार्करने मोठ्ठं ‘ईडीटीए’ तेवढं लिहून ठेवलंय.