शब्दचर्चा: ‘लहान’ नव्हे, ‘दडलेलं’

निपाणीहून प्रश्न:
माझा भाचा ३ वर्षांचा. बेळगावात लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं, कागदावर ‘कन्सील्ड पेनिस’ लिहून दिलंय, म्हणजे लिंग आत झाकलं गेलंय. आईनं घरभर ‘पोराची जागा लहान आहे’ असं सांगून टाकलं आणि ताईची झोप उडाली. ‘गुप्त’ म्हणावं तर भलताच अर्थ होतो. मराठीत नेमका शब्द कोणता?

बेळगावहून उत्तर:
दादा, मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. ताईंना आधी सांगा, ‘लहान’ हा शब्द इथं साफ चुकीचा आहे. डॉक्टर दोन बोटांनी बुडाजवळची चरबी मागं दाबतात, तेव्हा लिंगाचा दांडा पुरता बाहेर येतो आणि वयाच्या मानानं अगदी नीट असतो. बोटं सोडली की परत आत. खरंच लहान असणं, म्हणजे मायक्रोपेनिस, हा निराळा आजार. त्यात ताणून मोजलेली लांबी वयाच्या सरासरीपेक्षा फारच कमी (डॉक्टरांच्या मोजमापात २.५ प्रमाण विचलनांहून जास्त खाली) भरते आणि हार्मोनच्या तपासण्या लागतात. एका शब्दानं आईबाप भलत्याच वाटेला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही ‘दडलेलं’ म्हणतो. दडलेली वस्तू जागेवरच असते, दिसत नाही एवढंच. इंग्रजीत ‘बरीड’ही म्हणतात, पण ‘पुरलेलं’ हा शब्द आईसमोर तोंडातून निघत नाही.

जन्मजात प्रकारात कातडी बुडाशी दांड्याला धरलेली नसते आणि आतले आखडलेले पट्टे त्याला आत ओढतात. ऑपरेशनमध्ये कातडी मागं सोडवतात, ते पट्टे कापतात आणि बुडाशी कातडी टाके घालून पक्की करतात. गुटगुटीत बाळाचं नुसत्या चरबीनं झाकलं असेल तर वाढीबरोबर बरेचदा आपसूक उघडं पडतं. एक मात्र हात जोडून सांगते, कुणाच्या सांगण्यावरून आधी सुंता करून घेऊ नका. दांडा झाकायला पुढं तीच कातडी लागते.

खानापूरहून:
सुंतेनंतर व्रणाची कातडी आवळून आत कोंडलं गेलं तर ‘अडकलेलं’ म्हणावं, ते दडलेलं नव्हे. सुंतेत कापतात त्या कातडीलाच कन्नडात ‘मुंदोगलु’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘पुढची कातडी’. ‘अग्रत्वचा’ म्हटलं तर आमच्याकडं कुणाला कळत नाही.

संकेश्वरहून:
सुश्रुतसंहितेतला ‘निरुद्धप्रकश’ चालेल का?

बेळगावहून:
नाही काका, तो पुढची कातडी मागं न सरकण्याचा आजार, म्हणजे फायमोसिस. मोठ्या माणसांत ओटीपोटाची चरबी लोंबून आत जातं, त्याला ‘दबलेलं’ बरं. त्यांना लघवी कातडीत साचते, जळजळ होते आणि लाजेपायी वर्षं निघून जातात. कातडी पांढरी, कडक झाली असेल तर लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या आजाराचा संशय घेऊन तुकडा तपासायला पाठवतात, कारण त्यातून कॅन्सर होऊ शकतो. खराब कातडी काढून मांडीची पातळ कातडी लावतात, काहींना पोटाची चरबीही काढावी लागते.

निपाणीहून:
ताईला वाचून दाखवलं. आईला म्हटलं, लहान नाही, दडलंय. ती म्हणाली, “मग हाय की तिथंच!”