मदत हवी आहे: मॅचला २६ गुण करणारा गार्ड सोडून चाललाय, जाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी,

बास्केटबॉलचे जाणकार इथे असतील तर जरा डोकं लावा. रविवारी आमची बैठक आहे आणि त्याआधी माझं स्वतःचं मत पक्कं व्हायला हवं. सध्या सकाळी एक असतं, रात्री दुसरं.

आमची क्लबची हौशी टीम. खेळायचे पैसे कोणालाच मिळत नाहीत, उलट वर्गणी भरतो. मी मॅनेजर, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, कोणाचा तरी विसरलेला मोजा आणि स्कोअरशीट सांभाळणारा. आमचा मुख्य गार्ड पुढच्या हंगामात दुसऱ्या क्लबकडे जायचं म्हणतोय. त्यासाठी त्याला आमचं रिलीज लेटर लागतं. आम्ही दिलं नाही तर त्याला अख्खा हंगाम बाहेर बसावं लागेल. मुदत महिनाअखेरपर्यंत.

टीममध्ये दोन तट पडलेत. कोच आणि बरेचसे जण म्हणतात, टीमच्या ६३ गुणांतले २६ एकटा करतो, तो गेला की दुकान बंद. दुसरा तट हळू आवाजात बोलतो: तो असला की आपण नुसते धावतो, बॉलचं दर्शन होत नाही. कॅप्टन या दुसऱ्या तटात आहे. त्याला स्वतःला जास्त शॉट हवेत हेही सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही.

स्कोअरशीटवर फक्त पडलेले बास्केट लिहितात, चुकलेले शॉट नाहीत. म्हणून मी वेगळ्या वहीत चुकलेलेही लिहितो (घरचे या वहीला हसतात). १४ मॅचपैकी ११ तो खेळला, ३ पायाच्या दुखण्यामुळे नाही. त्याच्यासह ६ जिंकलो, ५ हरलो. त्याच्याशिवाय २ जिंकलो, १ हरलो. या शेवटच्या ओळीमुळेच सगळं भांडण पेटलंय.

११ मॅचमध्ये त्याचे २८६ गुण, फिल्ड गोलचे (चालू खेळातल्या शॉटचे) प्रयत्न २६४, फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या शॉटचे) प्रयत्न ७७. त्याच ११ मॅचमध्ये बाकीच्या सगळ्यांचे मिळून ४०७ गुण, प्रयत्न ३८५, फ्री थ्रो ९९.

काय करावं? लेटर द्यावं की अडवावं? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (बाकावरचा)

द्या सोडून. गुणांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण इतिहास वेगळं सांगतो. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्सचा जेरी स्टॅकहाउस २०००-०१ च्या हंगामात सरासरी २९.८ गुण करत होता. सप्टेंबर २००२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला पाठवलं आणि २००४ मध्ये पिस्टन्स चॅम्पियन झाले, तेही एकाही महातारकाशिवाय.

दुसरं उदाहरण गोल्डन स्टेटचं. मार्च २०१२ मध्ये त्यांनी भरपूर गुण करणाऱ्या मॉन्टा एलिसला मिलवॉकीकडे दिलं. लोक इतके चिडले की आठवड्याच्या आतच, जुना तारा ख्रिस मलिनची जर्सी निवृत्त करण्याच्या सोहळ्यात मालक बोलायला उभे राहिले तर प्रेक्षकांनी त्यांची जोरदार हुर्यो उडवली. २०१५ ला त्याच संघानं विजेतेपद आणलं. तुमचे कोच आज त्या प्रेक्षकांच्या जागी आहेत.

प्रतिसाद २ (माजी पॉइंट गार्ड)

बाकावरचा, उदाहरणं बरोबर, पण अर्धीच सांगितलीत. स्टॅकहाउसच्या बदल्यात रिचर्ड हॅमिल्टन आला. एलिसच्या बदल्यात अँड्र्यू बोगट आला, आणि घरात स्टीफन करी आधीच होता. त्या हंगामात घोट्याच्या दुखापतीमुळे तो २६ मॅचच खेळला, म्हणून लोकांना अंदाज आला नाही इतकंच. म्हणजे एक दिला, एक घेतला, आणि जागा भरणारा तयार होता. धागाकर्त्याला बदल्यात काय मिळणार? लेटरची झेरॉक्स.

यांच्या परिस्थितीला जवळचं उदाहरण डॅलसचं. २०२२ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) युटाविरुद्ध मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच पहिल्या तीन मॅच जखमी होता, तेव्हा जेलन ब्रन्सननं दुसऱ्या मॅचमध्ये ४१ गुण केले. संघ कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीपर्यंत गेला. त्याच उन्हाळ्यात ब्रन्सन न्यूयॉर्कला गेला, ४ वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलरवर. डॅलसच्या हाती बदल्यात भोपळा. पुढच्या हंगामात ३८ विजय, ४४ पराभव, प्लेऑफही नाही.

प्रतिसाद ३ (बाकावरचा)

पण तेच डॅलस २०२४ ला अंतिम फेरीत होतं की!

प्रतिसाद ४ (माजी पॉइंट गार्ड)

होतं, कारण मधल्या काळात कायरी अर्विंगला आणलं. म्हणजे बॉल हाताळणारा दुसरा माणूस विकत घ्यावाच लागला. हौशी क्लबनं तो कुठून आणायचा?

प्रतिसाद ५ (आकडेमोड)

धागाकर्ते, तुमच्या वहीला हसणाऱ्यांना माझा निरोप द्या, अशी वही असलेला मॅनेजर लाखात एक.

गुण किती यापेक्षा ते किती संधी खर्चून आले ते बघा. सोपं सूत्र आहे: फ्री थ्रोंना ०.४४ नं गुणा, ते फिल्ड गोलच्या प्रयत्नांत मिळवा, त्याची दुप्पट करा आणि गुणांना त्यानं भागा. ०.४४ का? प्रत्येक फ्री थ्रोमागे वेगळा डाव, म्हणजे बॉल ताब्यात असण्याची एक पाळी, खर्ची पडत नाही. दोन थ्रो मिळून एक डाव, आणि बास्केट पडून वर मिळालेला एक थ्रो तर फुकटच. हा गुणक एनबीएच्या आकड्यांवरून आलाय, तुमच्या पातळीवर थोडा इकडेतिकडे होईल, पण तुलनेला पुरतो.

तुमचा गार्ड: २८६ भागिले ५९५.७६, म्हणजे ४८ टक्के.
बाकीचे: ४०७ भागिले ८५७.१२, म्हणजे साडेसत्तेचाळीस.

म्हणजे तो प्रत्येक संधीचं जेवढं सोनं करतो तेवढंच बाकीचेही करतात. तो २६ करतो कारण तो २४ वेळा मारतो. या आकड्यांवर बाकावरचा यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

प्रतिसाद ६ (जुना पंच)

आकडेमोड साहेब, गणित चोख, निष्कर्ष कच्चा. बाकीच्यांचे साडेसत्तेचाळीस टक्के कुठल्या शॉटवर आलेत? समोरचे दोघं त्या गार्डला चिकटलेले असताना मिळालेल्या मोकळ्या शॉटवर. आणि त्याचे ४८ कुठल्या शॉटवर? अंगावर दोघं असताना. तो गेला की ते दोन बचावपटू घरी बसणार नाहीत, तुमच्या कॅप्टनच्या अंगावर येतील. मग बघू साडेसत्तेचाळीस कुठे राहतात.

धागाकर्त्यांना तीन प्रश्न:
त्याच्याशिवायच्या तीन मॅच कोणाविरुद्ध होत्या? त्या तीन मॅचमध्ये टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल समोरच्यांकडे जाणं) किती? आणि शॉट क्लॉकच्या (शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळाच्या) शेवटच्या पाच सेकंदांत बॉल कोणाकडे असतो?

प्रतिसाद ७ (फक्त वाचक)

अवांतर: कॅप्टनला हा धागा दाखवू नका.

प्रतिसाद ८ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल रात्री वही आणि मोबाईलवरचे व्हिडिओ घेऊन बसलो. जुना पंच, तुमच्या प्रश्नांनी झोप घालवली.

त्याच्याशिवाय जिंकलेल्या दोन्ही मॅच तक्त्यातल्या शेवटच्या दोन टीमविरुद्ध. हे मला माहीत होतं, पण भांडणाच्या भरात कोणी बोललंच नाही, मीसुद्धा.

टर्नओव्हर: तो असताना मॅचला सरासरी १३. तो नसताना १६, १७ आणि ३०. हे ३० त्या हरलेल्या मॅचमधले. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर अंगावर येऊन बचाव) लावला आणि आमची पोरं आठ सेकंदांत मधली रेषाच ओलांडेनात. त्या तीन मॅचचे शॉटही मोजले: १७१ गुण, १६८ प्रयत्न, ३६ फ्री थ्रो. सूत्रात टाकले तर साडेसेहेचाळीस टक्के येतात. टक्केवारी फार पडली नाही, पण मॅचला ६३ चे ५७ झाले, तेही तीनपैकी दोन मॅच लिंबूटिंबू टीमविरुद्ध असताना.

शेवटचा प्रश्न जिव्हारी लागला. एका मॅचचा पूर्ण व्हिडिओ आहे. त्यात त्यानं २४ शॉट मारले, त्यातले ९ घड्याळाच्या शेवटच्या पाच सेकंदांत. आणि त्या नऊपैकी बहुतेक वेळा बॉल आधी दुसऱ्या कोणाकडे होता! निखारा हातात आल्यासारखा त्यानं तो परत याच्याकडे फेकलाय. दोनदा तर खुद्द कॅप्टननं. "हा सगळे शॉट खातो" असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. त्यातले कितीतरी आम्हीच त्याच्या ताटात वाढलेत.

प्रतिसाद ९ (आकडेमोड)

माझा आधीचा निष्कर्ष मागे घेतो. तीन मॅचवरून तसंही काही ठरत नसतं, हे मीच आधी लिहायला हवं होतं. टर्नओव्हर झालेल्या डावात शॉटच होत नाही, त्यामुळे माझ्या सूत्रात तो दिसतच नाही. तुमच्या गार्डची खरी किंमत नेमकी तिथे लपली होती.

प्रतिसाद १० (माजी पॉइंट गार्ड)

एवढी चर्चा झाली, पण एक साधी गोष्ट राहिली. तो का जातोय हे कोणी विचारलंय का?

आणि अडवून ठेवायचा विचार असेल तर जेम्स हार्डन आठवा. ह्यूस्टनमधून बाहेर पडायचं त्याच्या मनात पक्कं होतं. जानेवारी २०२१ मध्ये एका पराभवानंतर पत्रकारांसमोर म्हणाला की इथलं काही सुधारेल असं मला वाटत नाही, आणि उठून गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रुकलिनशी सौदा ठरला. तिथे कोट्यवधींचा करार असूनही माणूस मनानं थांबला नाही. तुमच्याकडे तर एक कागद आहे. तो अडवलात तर हंगामभर टीममध्ये कोणी कोणाकडे बघणार नाही.

प्रतिसाद ११ (धागाकर्ता)

खरं सांगतो, विचारलं नव्हतं. आम्ही गृहीत धरलं होतं की तिकडे कोणी जास्त भाव देतंय.

आज फोन केला. आधी टाळत होता. मग म्हणाला, "दादा, गुणांचं काही नाही हो. मला बॉल आणायचा कंटाळा आलाय. दोघांना अंगावर घेऊन मीच वर आणायचा, पास दिला की तो परत माझ्याकडेच येतो, मग घड्याळ संपताना मीच मारायचा, आणि चुकला की सगळे खाली बघतात. तिकडे बॉल आणणारा वेगळा आहे. मला कोणाच्या तरी स्क्रीनच्या आडून पळत येऊन नुसता शूट करायचाय."

मी म्हटलं, तुझी टक्केवारी ४८ आहे. म्हणाला, "माहितीये. म्हणूनच तर."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. रविवारी बैठकीत सांगणार आहे की लेटर द्यायचं, त्याला हवं असेल त्या दिवशी, अट न घालता. कोच भडकतील. पण तो राहो वा जावो, आमच्यात बॉल आणणारी आणखी दोन पोरं तयार व्हायलाच हवीत. प्रेसविरुद्धचा एखादा सराव सुचवता का कोणी? धाग्याचा विषय बदलतोय, माफी असावी.

प्रतिसाद १२ (जुना पंच)

विषय बदलला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय.

अर्ध्या कोर्टात तीन हल्ला करणारे, चार बचाव करणारे. ड्रिबल बंद, फक्त पास. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. पास देणाऱ्यानं जागेवर थांबायचं नाही, मोकळ्या जागेकडे पळायचं. एक जण कायम मधोमध हवा, कारण प्रेस कडेला कोंडतो आणि मधून फुटतो. सुरुवातीला हसं होईल, होऊ द्या. गार्डला पहिल्या दिवशी यात घेऊ नका, नाहीतर सगळे पुन्हा त्यालाच शोधतील.

प्रतिसाद १३ (धागाकर्ता)

आज केला. पहिल्या दहा वेळांत सात वेळा बॉल गेला. दोनदा कॅप्टनच्या हातून, त्यामुळे वातावरण जरा निवळलं.

गार्डला तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाहेर उभं केलं होतं. आधी हसत होता. अकराव्या वेळी न विचारताच आत आला, मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "मला द्या आणि पळा, मी परत देतो." कॅप्टननं दिला, पळाला, आणि खरंच परत मिळाला.

लेटर टाइप करून ठेवलंय. सही रविवारी.