दुःख ‘निवतं’ की ‘ओसरतं’?

निळीशाई: जवळचं माणूस गेलेल्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. मूळ आशय असा, की दुःख संपत नाही, पण त्याची धग पहिल्यासारखी राहत नाही. मी लिहिलं, ‘दुःख हळूहळू निवतं’. तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, निवतात ते डोळे, निवतो तो जीव, आणि तेही काही चांगलं पाहिल्यावर. दुःख ओसरतं. माझी आजी मात्र आजोबांबद्दल बोलताना ‘आता निवलंय गं सगळं’ असंच म्हणायची. चूक कोणाची?

कोशवाला: आजींची नक्की नाही. निवणे म्हणजे थंड होणे, बस. मागे संस्कृत निर्वा आहे, ज्यातून निर्वाण आलं. डोळे निवतात ते आधी तापलेले असतात म्हणून. आणि शोक हाही तापलेलाच शब्द. शुच् धातूला जळणे, झळकणे, शोक करणे असे सगळे अर्थ आहेत, शुचि त्यातलाच. जे जळतं ते निवणारच.

पावसाळी: म्हणजे श्लोकही शोकातून आला, ते खरं तर!

कोशवाला: नाही हो. ती वाल्मीकींची कथा. सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नव्हे.

टाचण: मी बाईंच्या बाजूने. पूर ओसरतो आणि परत चढतोही. निवलेली वस्तू आपण होऊन तापत नाही. वडिलांना जाऊन 9 वर्षं झाली. गेल्या महिन्यात कपाटात त्यांच्या अक्षरातली एक यादी सापडली. खिळे, सुतळी, बल्ब. एवढंच. मी तिथेच फरशीवर बसलो. ह्याला निवणं कसं म्हणू?

अर्धविराम: त्याला कढ म्हणतात. दुःखाचे कढ येतात. कढ म्हणजे उकळीच, तेव्हा आपण अजून चुलीपाशीच आहोत. उमाळा मात्र पाण्याच्या बाजूचा.

उंबरठा: पुस्तिकेत ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ आहेत का? असल्या तर निदान ‘पायऱ्या’ हा शब्द तरी बदला. समुपदेशनात ह्या शब्दाने फार घोळ झालेला पाहिलाय. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले ते टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले. पायरी म्हटलं की माणूस विचारतो, ‘वर्ष झालं, मी अजून रागाच्याच पायरीवर कसा?’ जणू नापास झालाय. त्यापेक्षा स्ट्रोबे आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेलं मला जवळचं वाटतं. माणूस दुःखाकडे जातो, तिथून रोजच्या कामांकडे, परत दुःखाकडे. मी त्याला हेलकावे म्हणते. आणि जमलं तर शोकही टाळा. शोकसभा, शोकसंदेश, शोकाकुल... शब्द ऐकला की खुर्च्या मांडल्याचा आवाज येतो.

कोशवाला: टाळून टाळूनच शब्द मरतात. दुःख तर दाताचंही असतं. माणूस गेल्याचा तो शोक. इतका नेमका शब्द हातात असताना टाकायचा कशाला?

पावसाळी: आम्ही सरळ ‘ग्रीफ प्रोसेस करतेय’ म्हणतो. सगळ्यांना कळतं. आणि ‘मूव्ह ऑन’ला मराठीत शब्दच नाही, बघा शोधून.

कोशवाला: प्रोसेस फायलीवर होते. आणि ‘सावरणे’ काय वाईट आहे?

अर्धविराम: सावरणे वेगळं पण. मूव्ह ऑन झालेला माणूस तिथून निघून जातो. सावरणारा तिथेच असतो, फक्त पडत नाही. तोल काही एकदा सावरला की झालं असं नसतं, सुरुवातीला तर दिवसातून दहादा सावरावा लागतो. म्हणून ‘सावरलात का?’ असं भूतकाळात विचारलं की मला उत्तरच सुचत नाही.

पावसाळी: काळावरून आठवलं. ताईला जाऊन दोन वर्षं झाली. पहिलं वर्षभर मी ‘ताईला गर्दी आवडत नाही’ असंच बोलायचे. मुद्दाम नाही, तेच तोंडात होतं. मग एक दिवस फोनवर ‘आवडायची नाही’ निघून गेलं. पलीकडच्याला काहीच कळलं नाही, तो बोलतच राहिला. ह्या ‘आवडायची’ला व्याकरणात काही नाव आहे का?

कोशवाला: रीतिभूतकाळ. पूर्वी नेहमी घडायचं, ते सांगण्यासाठी.

कोशवाला: आमच्या घरात अजून वर्तमानकाळच चालतो. चार वर्षं होतील.

निळीशाई: तुम्ही सगळे बोलताय ते वाचतेय. पण मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त ‘निवतं’ ठेवलंय, बाई खोडणारच. ‘धग कमी होते’ कसं वाटतं?

अर्धविराम: सपक.

टाचण: एक शंका, कढ पुल्लिंगीच ना? मी इतकी वर्षं ‘ती कढ’ म्हणत आलोय.