‘सगळं स्वीकारा’ दाबलं म्हणजे संमती दिली का?

चौकस

आमच्या अप्पांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. ते मान्य करत नाहीत, ‘तुम्हीच पुटपुटता’ म्हणतात. एका रात्री मी घरातल्या कॉम्प्युटरवर श्रवणयंत्रांची माहिती वाचली, तीन-चार साइट्स चाळल्या आणि प्रत्येक ठिकाणी आलेली कुकीजची परवानगी मागणारी पट्टी घालवायला ‘सगळं स्वीकारा’ दाबत गेलो. सकाळी अप्पा त्याच कॉम्प्युटरवर बातम्या वाचायला बसले. बातमीच्या उजवीकडे श्रवणयंत्र. पान खाली सरकवलं, तिथेही श्रवणयंत्र. ‘हे तू शोधलंस ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. पुढे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. जो विषय मला त्यांच्याजवळ बसून, वेळ पाहून काढायचा होता, तो जाहिरातीने परस्पर काढून टाकला.

हे झालं कसं, ते नंतर खोदून पाहिलं. श्रवणयंत्राच्या पानावर एका जाहिरात कंपनीचं एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र होतं. ते मागवायला ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरकडे गेला आणि सर्व्हरने त्याच्या खिशात एक क्रमांक सरकवला. ती कुकी. बातम्यांच्या पानावरची जाहिरातीची जागाही त्याच कंपनीकडे होती. तिथे ब्राउझरने तो क्रमांक इमानेइतबारे दाखवला. दोन्ही साइट्सचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण तिसऱ्याने आपल्याला दोन्हीकडे पाहिलं. म्हणून ही थर्ड-पार्टी कुकी. साइटची स्वतःची कुकी वेगळी, ती नसेल तर लॉगिनसुद्धा टिकत नाही.

माझं म्हणणं असं की त्या पट्टीवर दाबलेल्या बटणाला संमती म्हणताच येत नाही. ‘स्वीकारा’ ठळक आणि रंगीत, नकार मात्र ‘अधिक पर्याय’च्या आत, करड्या अक्षरांत. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. नकार देणं स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून २०२१च्या अखेरीस गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला.

तेव्हा पट्ट्यांशी झगडू नका, ब्राउझरमध्येच थर्ड-पार्टी कुकीज कायमच्या बंद करा. सफारी मार्च २०२०पासून त्या आपोआप अडवतो. फायरफॉक्सने जून २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे एका डब्यातला क्रमांक दुसरीकडे चालत नाही. क्रोममध्ये मात्र आपल्यालाच सेटिंग्जमध्ये जावं लागतं: प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग थर्ड-पार्टी कुकीज, मग ब्लॉक. गूगलने जानेवारी २०२०मध्ये ‘दोन वर्षांत या कुकीज बंद करू’ असं जाहीर केलं होतं. मुदत पुढे पुढे ढकलत गेली आणि जुलै २०२४मध्ये बेतच सोडून दिला. एका मिनिटाचं काम आहे. प्रत्येकाने करावं.

ध्रुवतारा

अप्पांचं वाचून वाईट वाटलं. पण ‘प्रत्येकाने करावं’ याला माझा ठाम विरोध आहे.

मी अकरा वर्षं आकाशनिरीक्षणावर साइट चालवतोय. ग्रहणांची वेळापत्रकं, दुर्बीण कशी निवडावी, नकाशे. कुणाकडून पैसे घेत नाही. सर्व्हरचा खर्च जाहिरातींतून निघतो, आणि वाचक कोण आहे हे जाहिरातदाराला जितकं कळतं तितका दर चढतो. गूगलने २०१९मध्ये ५०० मोठ्या प्रकाशकांवर केलेल्या प्रयोगात, कुकी बंद असलेल्या वाचकांमागे उत्पन्न सरासरी ५२ टक्क्यांनी घटलं होतं. माझं उत्पन्न निम्म्यावर आलं तर साइटला टाळं.

आणि यात मोठ्यांचं काही बिघडत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. त्यांच्याकडे लॉगिन केलेले कोट्यवधी लोक आहेत. कोण काय पाहतं हे त्यांना कुकीशिवायही कळतं. मार बसतो तो आमच्यासारख्या सुट्या लोकांना.

चौकस

@ध्रुवतारा, ५२ टक्क्यांचा आकडा जरा उलटून पाहा. त्या प्रयोगात काही वाचकांच्याच कुकीज बंद होत्या, बाकीच्यांच्या चालू. जाहिरातदार साहजिकच ओळखीच्या वाचकांकडे वळले. सगळ्यांच्याच बंद झाल्या तर तो पैसा जाईल कुठे? शिवाय प्रयोग करणाऱ्या कंपनीचाच धंदा त्यावर उभा. त्याच वर्षी मारोटा, अभिषेक आणि अक्विस्टी या अभ्यासकांनी एका मोठ्या माध्यम कंपनीचे प्रत्यक्ष व्यवहार तपासले, तेव्हा कुकीमुळे प्रकाशकाच्या पदरात पडणारी भर साधारण ४ टक्के निघाली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८मध्ये युरोपात माग काढणाऱ्या जाहिराती थांबवून मजकूर आणि ठिकाण पाहून जाहिराती द्यायला सुरुवात केली. उत्पन्न घसरलं नाही.

दुर्बिणीच्या लेखाशेजारी दुर्बिणीची जाहिरात लावायची, तर वाचकाने काल रात्री काय शोधलं हे कशाला माहीत हवं?

ध्रुवतारा

न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण मला देऊ नका हो. त्यांच्याकडे थेट जाहिरातदारांशी बोलणारा विभाग आहे. माझ्याकडे मी आहे आणि दिवसभराची नोकरी आहे. पानात चार ओळींचा कोड टाकायचा, बाकी कंपनी पाहते, एवढंच मला परवडतं. ४ टक्के हाही एका मोठ्या कंपनीचाच आकडा, तो मला लागू होईलच असं नाही. दुर्बिणीची जाहिरात दुर्बिणीच्या लेखाला मिळेल, मान्य. पण ‘धूमकेतूची शेपूट सूर्यापासून दूर का असते’ या पानाला कोण जाहिरात देणार? आणि सर्वांत जास्त वाचलं जातं ते तेच पान.

वाटसरू

मी चौकस यांच्या विरोधात, पण कारण वेगळं. अप्पांच्या बाबतीत घोळ झाला तो एकाच ब्राउझरमध्ये दोघं वावरत होतात म्हणून. अप्पांचं प्रोफाइल वेगळं केलं असतं, किंवा श्रवणयंत्रं ब्राउझरच्या खासगी खिडकीत (इन्कॉग्निटो) शोधली असती, तर ही वेळ आली नसती. खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकीज जातात.

माझ्या मते खरा त्रास पट्ट्यांचाच. युरोपच्या २००२च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९मध्ये दुरुस्ती झाली, मग २५ मे २०१८पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, आणि तेव्हापासून वाचायला बसलं की आधी हा अडथळा. माझ्या आईला ते वाचता येत नाही, कळत नाही, ती घाबरून पान बंद करते. लोकांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने तिच्यासारख्यांना वेबपासून लांब ढकललं. जाहिरात दिसली म्हणून माझं काही नुकसान होत नाही. मी रोज ‘स्वीकारा’ दाबतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

चौकस

@वाटसरू, वेगळ्या प्रोफाइलचं बरोबर आहे, आता केलंय. पण ‘तुम्ही कडी लावायला हवी होती’ हे ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, आत शिरणाऱ्याला आत शिरायला सांगितलं कुणी?

तुमच्या आईचा मुद्दा मात्र मनाला लागला. पट्टी इतकी किचकट करा असं कायद्यात कुठेच नाही. उलट आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात दिला. आणि निव्वळ लॉगिन, खरेदीची टोपली असल्या कामापुरत्या कुकीज ठेवल्या तर संमती विचारावीच लागत नाही. पट्टी लागते ती माग काढायचा असतो म्हणून.

मीरा

मी दर रविवारी सगळ्या कुकीज पुसायचे. वर्षभर हे केलं आणि सोडून दिलं. प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. सर्वांत वाईट म्हणजे आठवडाभर जिथे जिथे शोधून शोधून ‘नकार’ दाबला होता, तो नकारसुद्धा कुकीतच लिहिलेला असतो, तोही पुसला जायचा. सोमवारी सगळ्या पट्ट्या पुन्हा हजर. त्यामुळे सरसकट पुसायच्या आधी विचार करा. चौकस सांगताहेत तसं फक्त तिसऱ्यांच्या बंद केल्या, तेव्हापासून सुखात आहे. एक-दोन ठिकाणी दुसऱ्या साइटच्या खात्याने लॉगिन होईना, त्या साइट्सना अपवादात टाकलं.

पानगळ

मी वीस वर्षं वेबसाठी प्रोग्रॅम लिहिते. चौकस यांचा हेतू पटतो, उपाय अपुरा वाटतो.

साइटला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक पान मागताना आपण तिला नव्यानेच भेटतो. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी १९९४मध्ये कुकी आणली ती यावर तोड म्हणून, खरेदीची टोपली लक्षात राहावी यासाठी. १९९७मध्ये पहिलं मानक आलं, त्यात थर्ड-पार्टी कुकी मुळात बंदच ठेवावी असं लिहिलेलं होतं. तेव्हाच्या मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही. सफारी आणि फायरफॉक्स वीसेक वर्षांनी त्या वाटेवर आले, म्हणजे आपण भांडतोय ती गोष्ट तेव्हाच लिहून ठेवलेली होती.

पण कुकीचा एक गुण आहे, ती दिसते. कोणत्याही पानावर डेव्हलपर टूल्स उघडा आणि कुकीजची यादी काढा. एका ओळीत नाव, पुढे आकडे-अक्षरांचं लांबलचक भेंडोळं, मग डोमेन, मग मुदत. डोमेनच्या रकान्यात तुम्ही उघडलेल्या साइटचं नाव नसेल आणि मुदत पुढच्या वर्षातली असेल, तर ती तुमच्या सोयीसाठी नाही. ओळ निवडा, पुसा, गेली.

ब्राउझरचा ठसा मात्र असा पुसता येत नाही. स्क्रीनचा आकार, बसवलेले फाँट, टाइम झोन, ग्राफिक्स कार्ड रेषा कशी काढतं, हे सगळं जुळवून ब्राउझर ओळखता येतो. तुमच्याकडे काहीही ठेवलं जात नाही, त्यामुळे यादीत काही सापडतही नाही. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१०मध्ये हे तपासलं तेव्हा नमुन्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. कुकी बंद झाली म्हणून धंदा बंद होत नाही, तो इकडे सरकतो. वाटसरू यांची खासगी खिडकीसुद्धा याला आडवी येत नाही.

म्हणून मी विनंतीच अडवते. युब्लॉक ओरिजिनसारखं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, त्या न दिसणाऱ्या चित्राची मागणीच बाहेर जाऊ देत नाही. सर्व्हर गाठलाच नाही, तर ना क्रमांक मिळतो ना ठसा. ‘एका मिनिटाचं काम’ सांगून लोकांना निर्धास्त करू नका, एवढीच विनंती.

चौकस

@पानगळ, ‘एका मिनिटाचं काम’ हे शब्द मागे घेतो. कडी लावली म्हणून खिडकी बंद झाली असं नाही, कबूल. तरी कडी लावाच म्हणेन. एक्स्टेन्शनचं नाव काढलं की बिचकणारे लोक सेटिंगमधलं एक बटण नक्की फिरवतील.

ध्रुवतारा

पानगळ यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री स्वतःच्याच साइटची यादी काढली. खासगी खिडकीत, पट्टीवर काहीही न दाबता. नऊ कुकीज. त्यातली माझी एक. जाहिरातींच्या चार असतील हे धरून चाललो होतो. उरलेल्या चार शेअर करायच्या बटणांनी आणि धूमकेतूच्या पानावर डकवलेल्या व्हिडिओने टाकलेल्या. त्यातून मला एक पैसा मिळत नाही. अकरा वर्षं वाचकांची माहिती मी फुकट वाटत होतो, आणि मला ते माहीतही नव्हतं. याची लाज वाटली.

बटणं काढली. व्हिडिओच्या जागी साधं चित्र ठेवलं, त्यावर दाबलं तरच व्हिडिओ उघडेल. आणि वाचकाने हो म्हणेपर्यंत जाहिरातींचा कोड चालणार नाही अशी दुरुस्ती केली. नकाराचं बटण स्वीकाराच्या शेजारी, त्याच आकाराचं.

पण जाहिराती काढलेल्या नाहीत. माझा विरोध जागच्या जागी आहे. वाचकाने नकार द्यावा, जरूर द्यावा, पण माझ्या पानावर येऊन मला द्यावा. ब्राउझरने सगळ्यांच्या वतीने आधीच देऊन टाकू नये.

वाटसरू

फोनवरच्या ॲपमध्ये तर पट्टीही नसते. तिथे हे कसं चालतं?

पानगळ

तिथे कुकीच्या जागी जाहिरातीचा ओळख क्रमांक असतो, तोही अख्ख्या फोनला एकच. त्यामुळे दहा ॲप्स मिळून एकच वही भरतात. आयफोनने एप्रिल २०२१मध्ये १४.५ आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला आधी परवानगी विचारायला लावली. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या खाली ॲड्स उघडा, तिथे हा क्रमांक डिलीट करता येतो. आईच्या फोनवरही करून द्या, तिला काहीच दाबावं लागणार नाही.